मणक्याची गादी का झिजते, आणि झिजलेली प्रत्येक गादी का दुखत नाही?

पस्तिशीतल्या माणसाची कंबर महिनाभर दुखते, एमआरआय होतो आणि रिपोर्ट हातात पडतो: ‘एल-फोर एल-फाइव्ह आणि एल-फाइव्ह एस-वन डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅक इंडेंटेशन’. घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं बाइकमुळे झालं, कोणी म्हणतं दहा-दहा तास खुर्चीत बसून, कोणी तरुणपणी उचललेल्या पोत्यांची आठवण काढतं. मग कंबरपट्टा येतो, जड उचलायचं नाही, मांडी घालून बसायचं नाही असे नियम येतात, आणि बघता बघता धडधाकट माणूस स्वतःला अधू समजू लागतो.

गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनातून वेगळंच चित्र पुढे आलं आहे. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे रिपोर्टमधली ‘डिस्क’, किती लवकर झिजेल, हे कामापेक्षा आनुवंशिकतेवर बरंच जास्त ठरतं. आणि झिजलेली गादी दुखणार की गप्प राहणार, हे बऱ्याच अंशी तिथे दाह आहे की नाही यावर ठरतं. दाह म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेने दिलेली प्रतिक्रिया. त्यात पेशी रासायनिक संदेश सोडतात, सूज येते आणि नसा हुळहुळ्या होतात. एमआरआयचा रिपोर्ट मुख्यतः झिजेबद्दल सांगतो, आणि रुग्ण आलेला असतो दुखतं म्हणून. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

## गादीची रचना आणि तिची मूळ अडचण

पाठीच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. प्रत्येकीच्या मध्यभागी पाण्याने भरलेला मऊ गर असतो. त्याच्याभोवती १५ ते २५ थरांचं चिवट तंतूंचं कडं असतं आणि प्रत्येक थरातले तंतू शेजारच्या थराच्या उलट्या तिरक्या दिशेने जातात. वर आणि खाली, हाडाला लागून, एक मिलिमीटरहून पातळ कूर्चेची चकती असते. तिला एंडप्लेट म्हणतात. गरात पाणी धरून ठेवायचं काम ॲग्रिकन नावाचं मोठं प्रथिन करतं. त्याला साखरेच्या लांब साखळ्या जोडलेल्या असतात, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे पाणी आत ओढलं जातं. तरुण गरात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दिवसभर उभं राहून आणि चालून त्यातलं थोडं बाहेर पडतं, रात्री आडवं झाल्यावर परत येतं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते.

अडचण आहे ती पुरवठ्याची. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेला गादीइतका मोठा दुसरा भाग नाही. अन्न आणि ऑक्सिजन मणक्याच्या हाडातल्या केशवाहिन्यांतून एंडप्लेट पार करत झिरपत येतात. मधल्या पेशींपासून जवळात जवळची रक्तवाहिनी सहा ते आठ मिलिमीटर लांब असू शकते. त्यामुळे या पेशींची गत कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतासारखी आहे: वरच्यांचं भिजून झाल्यावर उरेल ते पाणी, आणि वर कुठे गाळ साचला की पहिला फटका यांनाच. या पेशी ऑक्सिजनशिवायच साखर वापरून भागवतात. त्यातून तयार होणारं लॅक्टिक ॲसिडही त्याच अरुंद वाटेने बाहेर जावं लागतं. ते साचलं की आतली आम्लता वाढते आणि पेशी मरू लागतात.

या पेशी गादीच्या आकारमानाच्या जेमतेम एक टक्का आहेत आणि सगळी डागडुजी त्यांच्याच भरवशावर चालते. साहजिकच ती फार सावकाश होते. निरोगी गादीतलं निम्मं ॲग्रिकन बदलायला साधारण १२ वर्षं लागतात. कोलॅजन तंतूंच्या बाबतीत हाच हिशोब शंभर वर्षांच्या आसपास किंवा त्यापुढे जातो, म्हणजे तरुणपणी बनलेले तंतू जवळजवळ आयुष्यभर पुरवायचे असतात. त्यामुळे त्यांच्या घडणीत जन्मतः बारीकशी कसर असेल, तर ती वर्षानुवर्षं साचत जाते. एंडप्लेटमधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच नाहीशा होऊ लागतात आणि झिजेच्या पहिल्या खुणा ११ ते १६ या वयातही सापडलेल्या आहेत. त्या वयात ना बाइक असते, ना ऑफिसची खुर्ची.

## जुळ्या भावांनी काय दाखवलं

१९९५ साली मिशेल बॅटी, टापिओ विडेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्यांचे एमआरआय तपासून निष्कर्ष मांडले. त्यांचा प्रश्न साधा होता: जनुकं तीच आणि आयुष्यातलं काम वेगळं असेल, तर गाद्यांत किती फरक पडतो?

कंबरेच्या वरच्या भागातल्या गाद्यांत, माणसामाणसांतल्या झिजेच्या फरकापैकी फक्त ७ टक्के फरक शारीरिक भाराने उलगडला. त्यात वय मिळवलं तेव्हा १६ टक्के. ‘हे दोघे एकाच घरचे जुळे’ एवढी माहिती मिळवल्यावर मात्र आकडा ७७ टक्क्यांवर गेला. सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत हेच आकडे २, ९ आणि ४३ टक्के होते. १९९९ साली ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या एकसारख्या आणि भिन्न जुळ्यांची तुलना झाली. त्यात झिजेतला आनुवंशिक वाटा कंबरेत ७४ आणि मानेत ७३ टक्के निघाला. २००२ साली ४५ जोड्यांचा आणखी एक अभ्यास झाला, ज्यात एक भाऊ आयुष्यभर गाडी चालवणारा आणि दुसरा फारशी न चालवणारा होता. दोघांच्या गाद्यांच्या झिजेत सांगण्यासारखा फरक सापडला नाही.

हे आकडे वाचताना फार चुका होतात. ‘७४ टक्के आनुवंशिक’ याचा अर्थ तुमच्या गादीची ७४ टक्के झीज आईवडिलांकडून आली असा होत नाही. तपासलेल्या समूहात माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला तेवढा वाटा जनुकांच्या फरकाशी जुळतो, इतकाच त्याचा अर्थ. एका माणसाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. शिवाय फिनलंडच्या अभ्यासात सगळेच एकसारखे जुळे होते, त्यामुळे तिथल्या ‘घराण्याच्या’ वाट्यात जनुकं आणि एकत्र गेलेलं बालपण दोन्ही आलं. आणि ज्या खालच्या दोन गाद्या सगळ्यात जास्त त्रास देतात, तिथे निम्म्याहून अधिक फरक कशामुळे पडला, ते या हिशोबात उलगडत नाही. ‘सगळं नशिबावर’ असं म्हणायला इथे आधार नाही.

## ही जनुकं करतात काय

‘गादी खराब करणारं’ असं एकच जनुक नाही. पुष्कळ जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, आणि ढोबळमानाने ती दोन प्रकारची आहेत: गादीचं बांधकाम ठरवणारी आणि दाह ठरवणारी.

बांधकामातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ॲग्रिकनचंच. त्याच्या जनुकात एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कोणात १३ वेळा, कोणात ३३ वेळा. प्रत्येक तुकड्यावर साखरेच्या साखळ्या चिकटवायच्या जागा असतात. तुकडे कमी म्हणजे साखळ्या कमी, आणि साखळ्या कमी म्हणजे पाणी धरायची ताकद कमी. जपानमध्ये तरुण स्त्रियांच्या अभ्यासात, तुकडे कमी असलेल्यांत अनेक गाद्या एकदम झिजलेल्या दिसल्या. व्हिटॅमिन डी ज्यातून काम करतं त्या रिसेप्टरचं जनुक, गराची वाढ आवरणारं सीआयएलपी, तंतू एकमेकांना बांधून ठेवणारं कोलॅजन-९ अशी यादी पुढे वाढत जाते.

कोलॅजन-९ ची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. १९९९ साली फिनलंडमध्ये त्यातला एक बदल १५७ रुग्णांपैकी ६ जणांत सापडला आणि १७४ निरोगी लोकांपैकी एकातही नाही. तिथे तो दुर्मीळ. दक्षिण चीनमध्ये मात्र तोच बदल पाचातल्या एका माणसात असतो. म्हणजे एका देशातला जनुकीय निष्कर्ष उचलून दुसऱ्या देशातल्या माणसाला लावता येत नाही. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉ. एस. राजशेखरन यांच्या गटाने ८०९ रुग्णांवर हे पडताळून पाहिलं. झीज कशाला म्हणायची ही व्याख्या बदलली, वयोगट बदलला किंवा रुग्णांची संख्या बदलली की कोणतं जनुक दोषी ठरतं तेही बदलतं, असं त्यांना आढळलं. अलीकडे फिनलंड, एस्टोनिया आणि ब्रिटनमधल्या बायोबँकांची (लोकांचे नमुने आणि आरोग्याच्या नोंदी साठवणाऱ्या संस्थांची) माहिती एकत्र करून ८० हजारांहून जास्त रुग्ण तपासले गेले, तेव्हा गादी सरकण्याशी जोडलेल्या ६० हून अधिक जागा जनुकसंचात मिळाल्या. प्रत्येकीचा परिणाम मात्र छोटा आहे.

दुसऱ्या प्रकारात इंटरल्यूकिन-१ सारख्या दाहाच्या संदेशांची आणि ॲग्रिकन कापणाऱ्या एन्झाइम्सची जनुकं येतात. कोणाच्या पेशी थोड्या डिवचल्या तरी संदेशांचा भडिमार करतात, कोणाच्या संयमाने घेतात. आनुवंशिकता आणि दाह इथे एकमेकांना भेटतात.

एकाच जनुकाचा मोठा परिणाम पाहायचा असेल तर तो डॅक्सहुंड कुत्र्यात दिसतो. आखूड पायांच्या या जातीत एफजीएफ-४ या जनुकाची एक जास्तीची प्रत बाराव्या गुणसूत्रावर येऊन बसली आहे. त्यामुळे वर्षभराच्या पिल्लाच्या गाद्याही कडक होऊ लागतात. हा कुत्रा पाळणाऱ्यांना सोफ्यावरून उडी मारू देऊ नका असं सांगतात, त्यामागे हे कारण आहे. माणसात असा एकहाती दोषी सापडलेला नाही.

## दाह पेटतो कसा

उपासमार, आम्लता, एंडप्लेटला गेलेली चीर, कडेच्या तंतूंची फाटणी, यांपैकी कशानेही गादीच्या पेशी ताणाखाली आल्या की त्या टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे संदेश सोडतात. शेजारच्या पेशी ते ऐकतात आणि ॲग्रिकन व कोलॅजन कापणारे एन्झाइम बनवू लागतात. कापलेले तुकडे आणखी पेशींना डिवचतात, त्या आणखी संदेश सोडतात. मुळात पुरवठा तोकडा, त्यात हे तुकडे उचलून न्यायला रक्तही नाही, म्हणून हे चक्र एकदा सुरू झालं की थांबायला वेळ लागतो.

दुखणं कुठून येतं, तेही इथेच कळतं. निरोगी गादीत नसा फक्त सगळ्यात बाहेरच्या थरांत असतात, कारण आतलं दाट ॲग्रिकन नसांना वाढू देत नाही. ते कमी झालं आणि पेशींनी नसा वाढवणारं एनजीएफ हे प्रथिन सोडलं, की बारीक नसा रक्तवाहिन्यांसोबत आत शिरतात. जिथे आधी काही जाणवायचंच नाही, तिथे आता प्रत्येक हालचाल जाणवते.

पायात जाणारी कळ, म्हणजे सायटिका, केवळ ‘शीर दबली’ म्हणून येते असं आपण धरून चालतो. १९९३ साली स्वीडनमध्ये केयेल ओल्मार्कर यांच्या गटाने डुकरांच्या नसेवर जराही दाब न देता, नुसता गादीचा गर ठेवून पाहिला. तेवढ्याने नसेला इजा झाली आणि तिच्यातून संदेश जाण्याचा वेग मंदावला. दाब आणि दाह एकत्र आले की कळ सणसणीत येते. एमआरआयमध्ये शीर चांगली दबलेली दिसूनही काही जणांना काहीच होत नाही, आणि छोट्याशा बल्जवर, म्हणजे गादीच्या फुगवट्यावर, कोणी रात्र रात्र तळमळतं, याचं बरंचसं उत्तर या प्रयोगात आहे.

## मग रिपोर्टमध्ये झीज दिसली म्हणजे काय समजायचं?

२०१५ साली, पाठीचा कुठलाच त्रास नसलेल्या ३११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के, चाळिशीतल्या ६८ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. बल्ज तिशीतल्या ४० टक्के लोकांत होता. हे सगळे न दुखणारे लोक. म्हणून ‘डेसिकेशन’ (पाणी कमी होणं) आणि ‘डिफ्यूज बल्ज’ हे शब्द पन्नाशीत केस पांढरे असल्याच्या नोंदीइतकेच धरावेत. रिपोर्टमध्ये शोधायचं ते वेगळं: दिसलेला दोष आणि तुमची कळ एकाच बाजूला, एकाच नसेच्या वाटेवर आहेत का? ‘मोडिक टाइप वन’ असं लिहिलं आहे का? म्हणजे गादीलगतच्या हाडात सूज आहे, आणि अशा बदलांचा दुखण्याशी संबंध तुलनेने जास्त दिसतो. ‘एंडप्लेट’बद्दल काही नोंद आहे का? राजशेखरन यांच्याच गटाने १८१ रुग्णांत दाखवलं की गादी बाहेर येते तेव्हा सुमारे ६५ टक्के वेळा मुळात एंडप्लेटचा सांधा सुटलेला असतो. कडेचे तंतूच फाटतात ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

## सूजच कारण असेल, तर सूज मारणारं औषध का पुरत नाही?

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे रसायन कमी करतात, म्हणजे दाहाच्या साखळीचं शेवटचं टोक. वरच्या इंटरल्यूकिन आणि टीएनएफला त्या फारशा शिवत नाहीत. तीव्र दुखण्यात त्या उपयोगी आहेत, पण कमीत कमी डोस, थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास आणि रक्त पातळ करणारी औषधं असलेल्यांनी मेडिकलमधून आपणहून घेऊ नयेत. मणक्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन पायातली कळ काही आठवडे कमी करू शकतं, गादी दुरुस्त करत नाही.

थेट टीएनएफ अडवून पाहणंही झालं. फिनलंडमध्ये सायटिकाच्या ४० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी झाली, वर्षअखेरीस खोट्या औषधापेक्षा फरक निघाला नाही. मोडिक बदलांमागे जंतू असतील या कल्पनेवर नॉर्वेत १८० रुग्णांना शंभर दिवस ॲमॉक्सिसिलिन देऊन पाहिलं. २०१९ साली निकाल आला: रुग्णांना जाणवेल असा फायदा नाही. तरीही पाठीसाठी तीन-तीन महिने अँटिबायोटिक घेणारे आहेत, आणि ते थांबायला हवं. हळदीतल्या कर्क्युमिनचा परिणाम प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसतो, पण खाल्लेल्या हळदीतून रक्तात इतकं कमी उतरतं की रक्तवाहिन्या नसलेल्या गादीपर्यंत पोचण्याची आशा धरू नये.

आणि दाह सरसकट मारणं इष्टही नाही. गादीचा तुकडा पूर्ण सुटून बाहेर पडला, रिपोर्टच्या भाषेत ‘सिक्वेस्ट्रेशन’, तर ऐकायला ते सगळ्यात भयानक वाटतं. पण एका मोठ्या आढाव्यात असे तुकडे ९६ टक्के वेळा आपोआप आक्रसले. अर्धवट बाहेर आलेले, म्हणजे ‘एक्सट्रूजन’, ७० टक्के वेळा, थोडेसेच पुढे आलेले, म्हणजे ‘प्रोट्रूजन’, ४१ टक्के, आणि साधा बल्ज फक्त १३ टक्के. कारण बाहेर पडलेल्या तुकड्याला प्रथमच रक्त भेटतं, मॅक्रोफेज या भक्षक पेशी जमतात आणि तो खाऊन टाकतात. हे काम दाहच करतो. पायात ताकद शाबूत असेल तर सहा ते बारा आठवडे थांबायला सांगणारे सर्जन चालढकल करत नसतात.

## जनुकांवर आहे तर काळजी घेऊन काय उपयोग?

उपयोग आहे, कारण जनुकं सुरुवात ठरवतात आणि पुरवठा व दाह रोजच्या वागण्याने बदलतात. एक भाऊ विडी-सिगारेट ओढणारा आणि दुसरा न ओढणारा अशा एकसारख्या जुळ्यांत, ओढणाऱ्याच्या कंबरेतल्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त होती. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि इथे सगळं त्यांच्यावरच चालतं. पोटाची चरबी स्वतः दाहाचे संदेश सोडते. अनियंत्रित मधुमेहात साखर कोलॅजनला चिकटून ते ठिसूळ करते, आणि ते कोलॅजन आयुष्यभर बदलायचं नसतं.

वजन उचलण्याचं म्हणाल, तर बंदी नको, पद्धत हवी. जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला गेला (१९९९). आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५. २० किलोचं ओझं कंबरेतून वाकून उचललं तर २.३, गुडघे वाकवून १.७, अंगालगत धरून उभं राहिल्यावर १.१. तेच ओझं छातीपासून हातभर पुढे धरलं की १.८. भरलेला सिलिंडर किंवा पाण्याचा हंडा अंगाला चिकटवून धरायचा, तो याच कारणाने. रात्रभर पाणी भरल्याने सकाळी गादी फुगलेली असते आणि वाकताना तिच्यावर जास्त ताण येतो. उठल्यापासून पहिला तास केर काढणं, हंडा उचलणं, पायाची बोटं धरायचे व्यायाम टाळावेत. बाकी दिवसभर चालावं. गादीतल्या पाण्याची भरती-ओहोटी सुरू राहावी म्हणून दर अर्ध्या तासाने बैठक मोडावी. तीव्र दुखण्यातही दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरू नये. कंबरपट्टा महिनोन्महिने लावू नये.

आईवडिलांना तरुणपणीच त्रास झाला असेल तर सावध राहावं: एकविशीच्या आत गादी सरकण्याचा धोका घरात इतिहास असलेल्यांत साधारण पाचपट आढळला आहे. त्यासाठी जनुकीय चाचणीवर पैसे घालवू नयेत. निकाल काहीही आला तरी सल्ला बदलत नाही.

## हे सगळं लागू नाही असं दुखणं

रक्तातला सीआरपी (शरीरभर दाह असला की वाढणारं प्रथिन) गादीच्या दाहात बहुधा नॉर्मल येतो, कारण हा दाह स्थानिक असतो. तो बराच वाढला असेल तर डॉक्टर दुसरीकडे पाहतात. चाळीस-पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जुनं, पहाटे जागं करणारं, सकाळी अर्धा तासापेक्षा जास्त आखडणारं आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होणारं दुखणं हे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांच्या सांध्यांच्या दाहाचा आजार, असू शकतं. एचएलए-बी२७ ही चाचणी त्या आजारासाठी आहे आणि त्याच्यावर टीएनएफ अडवणारी औषधं उत्तम लागू पडतात. झिजेच्या स्पाँडिलोसिसशी त्याची गल्लत करून लोक वर्षं गमावतात. संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्री घाम आणि एकाच मणक्यावर ठोकल्यावर दुखणं असेल तर मणक्याचा टीबी तपासायलाच हवा.

आणि लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसताना टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता, मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत त्याच रात्री जावं. त्या नसांवरचा दाब किती तासांत मोकळा झाला, यावर लघवीचा ताबा परत येईल की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं.